बारवेची उत्तर बाजू

"ही रेषा कोणाची?"

निरंजनबुवांनी तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला, तेव्हा हेरंबाच्या लक्षात आले की पहिल्या वेळचे उत्तर त्यांनी उत्तर म्हणून धरलेच नव्हते.

"सांगितले ना, बुवा. जोडरेषा आहे."

"ते तिचे काम झाले. कोणाची, ते विचारतो आहे."

मठाच्या ओट्यावर लॅपटॉप उघडा होता. पडद्यावर मठाच्या बारवेची आकृती होती. चार बाजू, प्रत्येक बाजूच्या मध्यावर पायऱ्यांसाठी आत शिरलेली खाच, आणि सगळ्याला वेढणारी, केसासारखी बारीक पांढरी कड. बुवांनी नैऋत्येचा कोपरा मोठा करवून घेतला होता. आणखी मोठा. आणखी...

तेव्हा दोन लांब रेषांच्या मध्ये एक आखूड रेषा दिसू लागली. खरोखरीच्या बारवेवर ती वीतभर भरली असती.

"दक्षिणेपासून आरंभ केला," हेरंब म्हणाला. त्याच्या स्वरात लहान मुलाला समजावताना येतो तो संयम होता. "मग पूर्व, उत्तर, शेवटी पश्चिम. पश्चिमेचे टोक दक्षिणेच्या आरंभाला येऊन मिळायला हवे होते. मिळाले नाही. कड उघडी राहिली की आत दगडाची छटा भरता येत नाही. यंत्र नकार देते. म्हणून दोन टोके सांधली. सगळेच सांधतात."

"यंत्राने नकार दिला?"

"दिला."

"आणि तू?"

हेरंबाने पडदा थोडा आपल्याकडे वळवला.

संन्यासापूर्वी बुवा सरकारी भूकरमापक होते. सव्वीस वर्षे त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या. ज्या बांधावरून स्वतः चाललो नाही त्याच्या नकाशावर सही करायची नाही, हा त्यांचा नेम होता, आणि त्या नेमापायी त्यांच्या अकरा बदल्या झाल्या होत्या. आता वयाची अठ्ठ्याहत्तरी आली होती. डावा गुडघा वाकत नव्हता. पण माणदेशातल्या चार तालुक्यांत अजून म्हणत की, निरंजनबुवांची सही म्हणजे देवाची साक्ष.

त्या सहीसाठी हेरंब पुण्यातले आरेखनाचे काम टाकून माळावरच्या या दत्तमठात आला होता. येऊन त्याला दीड वर्ष झाले होते.

आज ती सही मिळायची होती. बारवेच्या काठाचे जुने चिरे झिजून, फुटून गेले होते. खाणीत काळ्या दगडाचा एकच निर्दोष थर निघाला होता; जेमतेम पुरेल एवढा. त्याचे दगड काठावर येऊन पडले होते. दुपारचा नैवेद्य झाला की दगडाला छिन्नी लागणार होती, आणि ती बुवांची सही असलेल्या नकाशावरूनच लागायची, असे मठाने ठरवले होते. एक चिरा चुकीचा कापला गेला, तर दुसरा आणायला जागा नव्हती.

"वीतभर आहे, बुवा," हेरंब म्हणाला. "चौसष्ट मीटरच्या कडेत वीतभर."

"हो."

"एवढी तफावत जुन्या कामात धरतातच. बांधणारेच कुठेतरी चुकले असतील."

"कोण?"

"बांधणारे. तीनशे वर्षांपूर्वीचे."

"ते आज येथे नाहीत."

"नाहीत."

"मग दोष ठेवायला फार सोयीचे."

हेरंबाचे कान तापले. तो म्हणाला, "मी दोष ठेवत नाही. मी कड बंद केली. दुसरा कोणी असता तर त्याने ही रेषा तुमच्या दृष्टीसही पडू दिली नसती. यंत्राला सांगून ठेवता येते, वीतभरापर्यंतच्या फटी न विचारता मिटव म्हणून. ते मी केले नाही. रेषा उघड मारली."

"उघड," बुवा म्हणाले. "सात वेळा मोठे केल्यावर."

ओट्याखाली चिमण्या दाणे टिपत होत्या. बारवेच्या पलीकडच्या काठावरून, जेथे दगडांची रास होती तेथून, कोणीतरी खाकरल्याचा आवाज आला. हेरंबाने मान वळवली नाही.

"पुस ती," बुवा म्हणाले.

"काय?"

"जोडरेषा."

"म्हणजे पुन्हा फट."

"पुस."

हेरंबाने पुसली. नैऋत्येला कड पुन्हा उघडी पडली.

"आता पश्चिमेची पूर्ण बाजू उचल. दक्षिणेच्या टोकाला नेऊन मिळव. ताणू नको, वाकवू नको. आहे तशी सरकव."

हे अगदीच सोपे होते. हेरंबाने बाजू सरकवली. नैऋत्येची फट मिटली.

"झाले," तो म्हणाला. आणि थांबला.

आता वायव्येला फट पडली होती. तेवढीच. वीतभर.

"उत्तरेची बाजू सरकव."

सरकवली. वायव्य मिटली. ईशान्य उघडली.

"पूर्वेची."

ईशान्य मिटली. आग्नेय उघडली.

"दक्षिणेची."

दक्षिण सरकली, आणि फट निघाली होती तेथे, नैऋत्येला, परत येऊन उभी राहिली.

हेरंबाला हसू आले. "प्रदक्षिणा घालते आहे की, बुवा!"

"प्रदक्षिणा कशाभोवती तरी घालतात," बुवा म्हणाले. ते हसत नव्हते. "पुन्हा घालू दे तिला. या वेळी ती केवढी आहे ते पाहू नकोस. तिचे तोंड कोणीकडे आहे ते पाहा."

हेरंबाने पुन्हा चारही बाजू एकेक करून सरकवल्या. पहिल्या दोन कोपऱ्यांना त्याचा हात भरभर चालला. तिसऱ्याला मंदावला. चौथ्याला तो काही वेळ थांबूनच राहिला.

"पूर्व-पश्चिम," तो म्हणाला.

"चारही वेळा?"

"चारही वेळा."

"बारवेच्या कोणत्या बाजू पूर्व-पश्चिम धावतात?"

उत्तर द्यायला हेरंबाला मुळीच वेळ लागू नये, असा तो प्रश्न होता. त्याला वेळ लागला.

"दक्षिण," तो म्हणाला. "आणि... उत्तर."

"दक्षिण कोणी मोजली?"

"मी. तीनदा मोजली. तिच्यात तसूभरही चूक नाही. पैज लावा."

"उत्तर?"

हेरंबाने लॅपटॉपवरचा हात काढून घेतला.

"हेरंबा, उत्तर कोणी मोजली?"

त्याने खोटे बोलायचे ठरवले असते तर ते त्याला जमले असते. पण तो तापट असला तरी खोटा नव्हता. त्याने मान वर केली आणि बुवांच्या डोळ्यांत पाहत सांगून टाकले.

"कोणीही नाही. दक्षिणेची बाजू आरशात दिसावी तशी उलटवली आणि समोर ठेवली. यंत्रात तशी सोय आहे. क्षणभराचे काम. समोरासमोरच्या बाजू सारख्याच असतात."

"असतात?"

"असायला हव्यात."

"तू तिकडे गेलाच नाहीस."

"ईशान्येच्या कोपऱ्यापर्यंत गेलो. वायव्येच्या कोपऱ्यापर्यंत गेलो. मधे गेलो नाही आणि जाणारही नाही."

"कारण?"

"तिथे दुर्गाप्पा बसतो."

दुर्गाप्पा म्हणजे मठाने आणलेला पाथरवट. साठीचा, काळा, दगडाच्याच अंगाचा. उत्तरेच्या काठावर गोणपाटाची सावली करून तो दोन महिन्यांपासून पायऱ्यांचे दगड घडवत होता. हेरंब मोजणीसाठी पहिल्याच दिवशी नकाशांची गुंडाळी काखेत मारून तेथे गेला, आणि गेल्याबरोबर त्याने दुर्गाप्पाचा एक चिरा काटकोनात नसल्याचे सांगितले. त्या वेळी काठावर गावची वीसेक माणसे बसलेली होती. दुर्गाप्पाने छिन्नी खाली ठेवली, तोंडातले पान एका गालातून दुसऱ्या गालात नेले आणि विचारले, "सायेब, कागूद भिजला तर तुमची बारव ऱ्हाईल का? आमची तीनशे वर्सं पान्यात हाय."

वीसही माणसे हसली.

ते हसणे अजून हेरंबाच्या कानांत होते. त्या सायंकाळी आरती झाल्यावर तो गाभाऱ्यात एकटाच मागे राहिला आणि दत्ताच्या पादुकांवर हात ठेवून त्याने खणखणीत आवाजात शपथ घेतली. दुर्गाप्पा क्षमा मागेपर्यंत बारवेच्या उत्तर काठाला पाऊल लावणार नाही.

हे सगळे त्याने आता बुवांना सांगितले. एक शब्दही झाकला नाही.

"न चालण्याची शपथ," बुवा म्हणाले, "आणि पादुकांपुढे घेतलीस?"

"थट्टा करू नका, बुवा."

"मी थट्टा करत नाही. त्या काय म्हणाल्या?"

"पादुका बोलत नसतात."

"मग संमती दिली हे कशावरून?"

हेरंब उठून उभा राहिला. त्याचा आवाज चढला. गुरूपुढे इतका कधी चढला नव्हता.

"तुम्ही मला शब्दांत पकडू शकाल. तुमचा हात कोण धरणार? पण शपथ ती शपथ. आणि मी काय चुकलो? एका अडाणी माणसाने भर लोकांत माझ्या विद्येची चेष्टा केली. ती विद्या मी तुमच्या पायांशी आणून ठेवली होती. माझा अपमान मी गिळला असता, विद्येचा का गिळू?"

"विद्येने तक्रार केली का?"

"मी करतो आहे!"

"ठीक," बुवा म्हणाले.

"तेव्हा स्पष्ट सांगतो. नकाशा हा असा आहे. सही करायची तर करा. करायची नसेल तर करू नका, मी आज रात्रीच्या गाडीने परत जाईन. पण उत्तरेला जाणार नाही."

हे बोलताना त्याची खात्री होती की बुवा सही करणार नाहीत. त्यांनी सव्वीस वर्षांत केली नव्हती. एका मंत्र्याच्या भावासाठीसुद्धा केली नव्हती. नकार मिळेल, आपण सामान बांधू, आणि हा नकार आयुष्यभर छातीवर बिल्ल्यासारखा मिरवू, असे त्याच्या मनाने परस्पर ठरवूनही टाकले होते.

"तो छापलेला कागद आण," बुवा म्हणाले.

तो काल सायंकाळीच छापून ठेवलेला होता. मठाच्या कार्यालयातले यंत्र लहान, म्हणून चार तुकडे छापून खळीने चिकटवले होते. हेरंबाने तो ओट्यावर पसरला. नैऋत्येची जोडरेषा त्यावर इतकी बारीक आली होती की ती कोठे आहे हे माहीत असणाऱ्यालाच दिसावी.

बुवांनी पोथीच्या फडक्यातून शाईचे पेन काढले. टोपण उघडले. कागदाच्या उजव्या कोपऱ्यात, वळणदार मोडीसारख्या अक्षरांत, सावकाश लिहिले. निरंजन. खाली तिथी घातली.

हेरंब पुढे सरसावला.

"बुवा..."

"शाई ओली आहे. हात लावू नको."

"बुवा, ही बाजू मोजलेली नाही."

"ते तू मला सांगितलेस."

"मग सही कशी केलीत?"

"हाताने," बुवा म्हणाले. त्यांनी कागदावर फुंकर घातली. "जा. दुर्गाप्पाला नेऊन दे. म्हणावे, बुवांची सही आहे, यावरून कापायला घे."

"मी तिकडे जात नाही. दुसऱ्या कोणाकडून पाठवा."

"खरेच की. तुझी शपथ आहे." बुवांनी काठी ओढली. "मग मी नेतो."

काठीवर भार देऊन ते उठले, तेव्हा त्यांचा गुडघा कुरकुरलेला हेरंबाला ऐकू आला. कागदाची गुंडाळी करून त्यांनी ती छाटीत खोवली आणि ओट्याच्या पायऱ्या उतरले. एक पाऊल, मग काठी, मग दुसरे पाऊल. बारवेचा पश्चिम काठ धरून ते उत्तरेकडे चालू लागले.

हेरंब ओट्यावरच उभा होता.

तो स्वतःशी म्हणाला, जाऊ दे. त्यांनीच सही केली आहे. कोणी पिस्तूल लावले नव्हते. चूक निघाली तर निघू दे, सही त्यांची आहे.

सही त्यांची आहे...

त्याच्या डोळ्यांपुढे उत्तरेचा काठ आला. तयार चिरे बसवताना शेवटी वीतभर जागा उरलेली. तिच्यात चुना कोंबणारे हात. नव्या काळ्या दगडांत तो पांढरा ओघळ, उन्हापावसात वर्षानुवर्षे. दगड ताणता येत नाही आणि वाढवताही येत नाही. आणि पुढे केव्हातरी कोणीतरी मठाच्या पेटीतून नकाशा काढील, तर त्यावर हेरंबाचे नाव कोठेही नसेल. तेथे एकच नाव असेल, आणि चार तालुक्यांत जे नाव घेऊन माणसे भांडणे मिटवतात ते असेल.

बुवा वायव्येचा कोपरा वळले.

हेरंब धावला. अनवाणी, पश्चिमेच्या फुटक्या चिऱ्यांवरून, पायाला ठेच लागली तरी न थांबता धावला. त्याने बुवांना गोणपाटाच्या सावलीच्या चार पावले अलीकडे गाठले आणि त्यांच्या छाटीतली गुंडाळी ओढून काढली.

"देणार नाही."

"काय देणार नाहीस?"

"हा कागद. त्याला मिळणार नाही. कोणालाच मिळणार नाही."

"त्यावर तुझ्या गुरूची सही आहे."

"म्हणूनच!"

"गुरूच्या हातातून हिसकावतोस?"

"हो. हिसकावतो. आणि आज्ञा केलीत तरी देणार नाही. शाप दिलात तरी नाही."

त्याने कागद फाडला. उभा फाडला, मग आडवा, मग खळीचा जोड सुटेना म्हणून दातांनी. तुकडे मुठीत धरून तो धापा टाकत उभा राहिला. त्याचे डोळे लाल झाले होते. जन्मात तो कोणावर इतका रागावला नव्हता, आणि हा राग बुवांवर आहे की आणखी कोणावर, हे त्याचे त्यालाही कळत नव्हते.

बुवा जवळच्या एका अर्धवट घडलेल्या चिऱ्यावर हळूच टेकले.

"बरे झाले," ते म्हणाले. "माझे चार पावलांचे काम वाचले."

मागून खाकरल्याचा आवाज आला.

"या सायेब," दुर्गाप्पा म्हणाला. "वाट चुकली जनू."

तेव्हा कोठे हेरंबाने खाली पाहिले. पायांखाली दगडाचा भुगा होता, सभोवार कपच्या पडल्या होत्या. ठेचेतून आलेले रक्त त्या भुग्यात उतरून काळे पडत होते. तो उत्तरेच्या काठावर उभा होता.

गोणपाट वाऱ्याने फडफडले आणि थांबले. बुवा पाण्याकडे पाहत होते. दुर्गाप्पा पान चघळत होता. मोडलेल्या शपथेचे नाव कोणीही काढले नाही, आणि तेच हेरंबाला सर्वांत जड गेले.

शेवटी त्याने तुकडे खिशात कोंबले. टेप दुसऱ्या खिशात होतीच.

"दुर्गाप्पा, टोक धर."

"धरतो की. पर ते माफीचं काय ठरलं? मी मागनार न्हाई, आधीच सांगतो."

"मी मागितली का?"

"तुमी न्हाई. पर मठातनं ऐकलं व्हतं, आमच्यापायी तुमचं पाय अडल्यात म्हनून. म्या बायकूला म्हनलं, बघ, आपली बी काय वट हाय."

"टोक धर म्हणतो ना!"

"धरलं, धरलं." दुर्गाप्पा हसू दाबत कोपऱ्याच्या चिऱ्यापाशी जाऊन बसला. "सायेब, झिजल्याली कड धरू का आतली?"

हेरंब थबकला. हा प्रश्न त्याने स्वतः विचारायला हवा होता.

"आतली," तो म्हणाला.

कोपऱ्यापासून खाचेपर्यंतचे अंतर दक्षिणेएवढेच भरले. अंगुळाचाही फरक नाही. हेरंबाच्या मनात क्षणभर जुने काहीतरी फणा काढून उभे राहिले. सांगितले नव्हते मी? मग तो पायऱ्यांच्या खाचेवरून टेप ताणू लागला.

"वरनं नगा धरू," दुर्गाप्पा म्हणाला. "वरचा चिरा फुगलाय. उतरा खाली. पाठ लावा भितीला."

हेरंब तीन पायऱ्या उतरला. ओलसर भिंतीला पाठ लावून त्याने टेप धरली. पलीकडच्या भिंतीशी दुर्गाप्पा टोक धरून उकिडवा बसला होता. हेरंबाने आकडा वाचला. पुन्हा वाचला. टेप सोडून, पुन्हा लावून, तिसऱ्यांदा वाचला.

दक्षिणेच्या खाचेपेक्षा ही वीतभर रुंद होती.

"का?" त्याच्या तोंडून निघून गेले. "तिन्ही बाजूंच्या खाचा सारख्या आहेत. हीच का रुंद?"

"इथनं पखालीचा रेडा उतरायचा," दुर्गाप्पा म्हणाला. "दोन्ही कुशींस्नी पानी भरल्याली कातडी पिशवी. बाकीकडनं मान्सं उतरायची, घागर घिऊन. बांधनाऱ्यानं आधी रेड्याचं प्वाट मोजलं, मग दगूड कापला." त्याने भिंतीच्या कमरेएवढ्या उंचीवरून तळवा फिरवला. "हात लावून बघा की. कशी गुळगुळीत झालीया घासून."

हेरंबाने हात लावला. दगड तेथे लोण्यासारखा मऊ लागत होता.

राहिलेली बाजू त्यांनी न बोलता मोजली. दुर्गाप्पाने टोक सोडले आणि टेप सरसरत हेरंबाच्या हातात परत आली.

"कागूद भिजवू नगा, सायेब," दुर्गाप्पा मागून म्हणाला.

"तू पान गिळ आधी," हेरंब म्हणाला. "आकडे सांगताना बोबडे बोलतोस."

दुर्गाप्पा मोठ्याने हसला. बुवा केव्हाच उठून ओट्याकडे निघून गेले होते.

हेरंबाने आरशातली उत्तर बाजू पुसून टाकली आणि मोजलेली बाजू रेघेरेघेने घातली. ईशान्येच्या कोपऱ्यापासून निघाला, खाचेत उतरला, वर आला, वायव्येला पोहोचला. मग पश्चिम. पश्चिमेचे टोक दक्षिणेच्या आरंभाशी येऊन टेकले. त्याने तो कोपरा सात वेळा मोठा करून पाहिला. मग आणखी सात वेळा. फट नव्हती. त्याने छटा भरायला सांगितली, आणि यंत्राने नकार दिला नाही. बारवेचा काठ एका क्षणात चहूकडून काळा झाला.

नैवेद्याची घंटा वाजली तेव्हा तो कार्यालयातून नवा कागद घेऊन आला. खळ अजून ओली होती. त्याने तो बुवांपुढे दोन्ही हातांनी धरला.

बुवांनी तो मांडीवर पसरला. उत्तरेच्या खाचेवरून बोट फिरवले. मग तो तसाच परत दिला.

"सही राहिली, बुवा."

"नाही करत."

हेरंबाला वाटले, ऐकण्यात चूक झाली. "चारही बाजू मोजल्या आहेत. तुम्हीच होता समोर."

"होतो."

"तुमच्या सहीशिवाय दुर्गाप्पा दगडाला छिन्नी लावणार नाही. मठाचे ठरलेच आहे तसे."

बुवांनी नुसती मान किंचित कलती केली. उत्तरेच्या काठावरून आवाज येत होता. लोखंडावर लोखंड, आणि त्याखाली दगड. टेपचे टोक ज्याने स्वतः धरले होते, तो कागदाची वाट पाहत थांबला नव्हता.

हेरंबाचा आवाज पुन्हा चढला. या खेपेला त्याने तो आवरण्याचा प्रयत्नही केला नाही.

"हा कोठला न्याय, बुवा? खोट्यावर तुम्ही सही केलीत. सव्वीस वर्षांचा नेम मोडून केलीत. आणि खऱ्यावर करत नाही?"

बुवांनी पेनाला टोपण लावले, ते पोथीच्या फडक्यात गुंडाळले आणि फडक्याला गाठ मारली.

"त्या कागदाला माझी गरज होती," ते म्हणाले.